खांद्यावरचं जनावर

शिवानंद गार्डाने हातातल्या काडीने देवकीच्या अंगणात एक जाड रेघ ओढली, तिला मध्ये पोट दिलं, चार पाय दिले आणि शेपटी बारीक करत करत पार तुळशीच्या कट्ट्यापर्यंत नेली. अंगण सकाळीच सारवलेलं होतं आणि अजून पुरतं वाळलं नव्हतं. देवकी मांडीवर सूप घेऊन पायरीवर बसली होती. तांदळातले खडे वेचायचं सोडून ती त्या शेपटीकडे बघत राहिली, कारण शेण आता तिच्या गोठ्यात नव्हतं, वाडीतल्या केशरकडून मागून आणावं लागत होतं.

“ही घोरपड,” शिवानंद म्हणाला. मग दोन पावलं सरकून त्याने दुसरं चित्र काढलं. हे अंगाने आखूड, कान असलेलं, आणि शेपटीला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक रेघा. “हे शेकरू. आता सांगा अक्का, त्या दिवशी सांजेला वासूच्या खांद्यावर ह्यातलं काय होतं?”

शिवानंद हावेरीकडचा. दिग्गीच्या रानात नेमणूक झाल्यापासून मराठी शिकला होता आणि घाई झाली नाही तर बरी बोलायचा. त्याच्यामागे फॉरेस्टचा वॉचर महाबळेश्वर उभा होता. तो इथलाच, शेजारच्या वाडीचा. देवकीची आणि तिच्या दिराची बोलाचाली बंद आहे, दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीतल्या दाराला दोन्ही बाजूंनी लाकडं रचलेली आहेत, हे सगळं त्याला ठाऊक होतं. म्हणून तो देवकीकडे न बघता कौलांकडे बघत होता.

“लांबून बघितलं मी,” देवकी म्हणाली. “अंधार पडत आलेला.”

“पण बघितलं.”

“बघितलं.”

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ही आग तिनेच लावलेली होती. गेल्या आठवड्यात ती ओढ्यावरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. समोरच्या पायवाटेने वासू घाईघाईने चालला होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक, आणि गोणपाटाबाहेर शेपटी. घोरपडच, दुसरं काय असणार? तरुणपणी वासू आणि त्याचा थोरला भाऊ झिलू, म्हणजे देवकीचा नवरा, दोघे वारुळं हुडकत हिंडायचे. तेव्हा कायदा असला तरी रानात पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुता धुता देवकी केशरला म्हणाली, “आमच्या दिराच्या घरात मजा हाय बाई. घोरपड शिजतीया.” बोलून ती मोकळी झाली. केशरच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कदाचित माहीत होतं म्हणूनच बोलली. पण बोलणं ओढ्यावरून वाडीत जाईल, वासूला दोन टोमणे बसतील, एवढंच तिच्या मनात होतं. ते थेट फॉरेस्टच्या ऑफिसात जाईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि आता गार्ड अंगणात चित्रं काढत होता.

घोरपड मारली म्हणजे काय होतं ते सगळ्या वाडीने पाहिलेलं होतं. मागच्या साली पलीकडच्या गावातला एक माणूस धरून नेला. त्याच्या घरातला टोपसुद्धा पुरावा म्हणून नेला होता. माणूस परत आला तो दाढी पांढरी करून, आणि तारखा अजून चालूच होत्या. वासूच्या सोनियाचं लग्न उळवीच्या जत्रेनंतर ठरलेलं होतं. बाप आत गेला तर पाहुणे काय, वाटेवरूनच परततील.

देवकीला वासू आवडत नव्हता. पण तो तुरुंगात जावा एवढा काही नावडत नव्हता. शिवाय माणसाशी अबोला धरायचा तर ते माणूस भिंतीपलीकडे असावं लागतं.

तिने डोकं चालवलं. घोरपडीसाठी माणूस नेल्याचं तिने ऐकलं होतं, शेकरासाठी कुणाला नेल्याचं कधी ऐकलं नव्हतं. शेकरू म्हणजे शेवटी खारच, जरा वाढलेली. माडावरचे कोवळे नारळ पोखरतं म्हणून सगळी वाडी त्याला शिव्याच देते. तिने सूप बाजूला ठेवलं, उठली आणि पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या चित्राकडे दाखवलं.

“हे होतं. शेकरू.”

महाबळेश्वरने कौलांवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा कौलांकडे.

“नक्की?” शिवानंदने विचारलं.

“व्हय.”

“रंग कसा होता?”

“तांबूस. पाठ काळपट, पोट फिक्कट.” खोटं बोलायला बसल्यावर हात राखून बोलणं देवकीला जमत नसे. “शेपटी ही एवढी झुपकेदार. टोकाला पांढरट. कानाला केस. एक पाय गोणपाटाबाहेर लोंबत होता बिचाऱ्याचा.”

शिवानंदने हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग काडी घेऊन तो दोन्ही चित्रांच्या मध्ये उभा राहिला.

“म्हणजे दोन झाले,” तो म्हणाला.

“काय दोन?”

“तक्रार आली ती घोरपडीची. तुम्ही बघितला शेकरू. तांबूस, झुपकेदार, पायसुद्धा बघितला. म्हणजे वासूने दोन जनावरं मारली. एक आम्हाला कुणीतरी कळवली, एक तुम्ही.”

“शेकराला काय हुतंय? ती तर खार.”

“अक्का, दोघांना एकच कायदा आहे. घोरपडीला जेवढी शिक्षा तेवढीच शेकराला. कमी न्हाई, जास्त न्हाई.” त्याने काडीने एकदा इकडे, एकदा तिकडे टोचलं. “ह्याला केस, हिला खवले. हे झाडावर राहतं, ही बिळात. हे फळ खातं, ही अंडी खाते. सगळं वेगळं. कायदा एक.”

देवकीने पदर सावरला.  दिराला एका खड्ड्यातून काढायला गेली आणि दुसरा खणून बसली.

“मग घोरपडच असंल,” ती म्हणाली.

“आता म्हणालात शेकरू.”

“अंधार हुता म्हटलं न्हवं?”

शिवानंद चिडला नाही. तो चिडणाऱ्यातला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. “बसा, पाणी प्या, नीट आठवा,” तो म्हणाला. “मी वासूकडे जाऊन येतो. उद्या साहेबांपुढे तुम्हाला हेच सांगायचं आहे. तिथं एकदा हे, एकदा ते, असं चालत न्हाई.” आणि महाबळेश्वरला घेऊन तो अंगणाला वळसा घालून पलीकडच्या दारात गेला.

देवकी आत आली आणि भिंतीतल्या बंद दारापाशी, लाकडांच्या रचाईला टेकून उभी राहिली. आजवर तिने इथे कान लावला नव्हता. निदान लावला असं कधी कबूल केलं नव्हतं. पलीकडे भांडी हलवल्याचे आवाज आले. मग शिवानंदचं तेच शांत बोलणं.

“घरात तर काही सापडत न्हाई. मग सांग की, खांद्यावर काय होतं?”

पलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला.

“काहीतरी होतं की न्हाई?”

“हुतं.”

“काय?”

 मग वासूची बायको चंद्रा रडत रडत म्हणाली, “अवो, सांगा की. का जिवावर उठलाय? पोरीचं तरी बघा.”

“तू गप बस,” वासू म्हणाला.

“मग उद्या कशाला, आजच चल माझ्याबरोबर,” शिवानंद म्हणाला. “जेवून घे. सदरा बदल. मी बसतो इथं.”

देवकी लाकडांपासून दूर झाली. हे तिला कळेना. वासू भांडखोर होता, हट्टी होता, पण लबाड नव्हता. घोरपड मारली असती तर मारली म्हणून सांगितलं असतं, नसती मारली तर आकाशपाताळ एक केलं असतं. आणि चंद्रा म्हणते सांगा की. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते जनावर मारण्यापेक्षा वाईट होतं.

ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि शिवानंदने सांगितलं होतं तसं खरोखरच आठवू लागली. आधी घोरपड. शेपटी घोरपडीची असावी तशीच होती, बुडाला जाड आणि टोकाला निमुळती. साल, म्हणजे कातडी, काळपट आणि खरबरीत. इथपर्यंत जुळत होतं. पण त्या शेपटीवर केस होते. वासू उतारावर वळला तेव्हा मावळतीचा उजेड मागून आला होता आणि शेपटीच्या कडेने बारीक बारीक केस तिला स्पष्ट दिसले होते. घोरपडीला कुठले आले केस? बरं, शेकरू म्हणावं तर शेपटीला खवले कसे? आणि आणखी एक. मेलेलं जनावर खांद्यावर टाकलं की चालताना लोंबतं, हेलकावे खातं. झिलू आणायचा तेव्हा घोरपडीचं डोकं त्याच्या पाठीवर आपटत यायचं. वासूच्या खांद्यावरचं हललं नव्हतं. पाऊल पडेल तसं ते अख्खं वर जात होतं आणि अख्खं खाली येत होतं, काठीगत.

खवले आहेत, केस आहेत, शेपटी आहे, आणि हलत नाही.

देवकी उठली. पायात चपला न घालता परसात गेली, थेट मागच्या कुंपणापाशी, जिथे झिलूने लावलेला कोनफळाचा वेल ऐनाच्या झाडावर चढवलेला होता. पौष लागला की वेल वाळून जातो आणि खाली जमिनीत हातभर लांबीचा कंद तयार असतो. ही लांबट जात. वरून खरबरीत, अंगभर बारीक मुळ्या आणि खाली शेपटीसारखी निमुळती होत गेलेली. झिलू गेल्यापासून देवकीने हा वेल खणला नव्हता. खणायला गेली की हात पुढे जात नसे. न खणलेला कंद जमिनीत सडतो, वेल एखाददुसऱ्या सालात मरतो, हे तिला ठाऊक होतं. पण हा मरत नव्हता. दरसाल पहिल्या पावसाला कोंब वर यायचा, झाडावर चढायचा. ती कुणाला बोलली नव्हती, पण मनात तिने धरून ठेवलं होतं की झिलूचा हात आहे तो. माणूस गेला तरी आपल्या वेलाला येऊन बघून जातो. असं काहीतरी मानलं की पावसाळा बरा जातो.

झाडाच्या बुडाशी पाला सारखा पसरलेला होता. जरा जास्तच सारखा. तिने तो हाताने बाजूला केला. खाली माती भुसभुशीत होती. डुकराने उकरली असती तर भोवतीची सगळी जमीन नांगरल्यासारखी झाली असती, साळिंदराने खाल्लं असतं तर कुरतडलेले तुकडे पडले असते. इथे तसं काही नव्हतं. ती बोटांनी उकरत गेली. वीतभर खाली राख लागली. राखेच्या खाली कंदाची मुंडी, कोयत्याने सरळ कापलेली, कापलेली बाजू खाली, डोळा वर, उगवतीकडे किंचित कललेला. आणि तिला टेकवून एक चपटा दगड, पावसाचं पाणी मुंडीवर साचू नये म्हणून.

कोनफळ सगळेच खणतात आणि मुंडी परत सगळेच लावतात. पण उगवतीकडे कलती लावून दगड टेकवायची रीत ह्या एकाच घराची. झिलूच्या बापाने लावलेली.

पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो अगदी साधा राग होता. माझं कोनफळ! वाटणीच्या दिवशी ह्याच वासूने चारचौघांत म्हटलं होतं की हिला मूल न बाळ, हिला अर्धं कशाला. आणि पंचांनी अर्धं दिलंच तेव्हा म्हणाला होता, “तुझ्या कुंपणातलं पान जरी शिवलो तर नाव वासू न्हाई.” त्या एका वाक्यावर देवकीने इतकी वर्षं काढली होती. रात्री झोप आली नाही की ते वाक्य काढून ती त्याला धार लावत बसायची. आणि हा शहाणा कोयता घेऊन कुंपणातून येतो, कंद खणून नेतो, वर पाला सारखा करून जातो.

मग रागाच्या मागोमाग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. कंद म्हणून सांगितलं तर गार्ड म्हणणार दाखव, कुठून आणला. वासू तुरुंगात जायला तयार होता, सदरा बदलत होता, पण वहिनीच्या परसात चोरी केली हे तोंडाने सांगायला तयार नव्हता.

तिने हात पदराला पुसले आणि कुंपणाच्या कडेने फिरून वासूच्या अंगणात आली. वाटणीनंतर इथे तिने पाऊल टाकलं नव्हतं. वासू धुतलेला सदरा घालून ओटीवर बसला होता. ताट समोर तसंच होतं. चंद्रा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि देवकीला बघून तिचं रडं मध्येच थांबलं.

“गार्डसाहेब, मला तक्रार द्यायची हाय,” देवकी म्हणाली.

शिवानंदने कपाळाला हात लावला. “आता काय अक्का? तिसरं जनावर?”

“जनावर न्हाई. चोरी. माझ्या परसातलं कोनफळ खणून नेलंय. त्याच सांजेला. ह्यानं.”

 महाबळेश्वरने कौलांकडे बघायचं सोडून दिलं.

“ह्याच्या खांद्यावर हुतं ते कोनफळ. खवल्यागत साल, केसागत मुळ्या. शेपटी म्हटलं ते त्याचं टोक. घोरपड न्हाई, शेकरू न्हाई, कायबी न्हाई. माझा कंद.”

“मग सकाळी शेकरू का सांगितलंत? पाय लोंबत होता म्हणालात.”

“सकाळी मला वाटलं त्यानं जनावर मारलंय, म्हणून वाचवायला बोलले. चोरी ठाऊक असती तर कशाला वाचवलं असतं?”

शिवानंद वासूकडे वळला. “वासू, हे खरं?”

वासूने मान खाली घातली. एका बाजूला जेल होती, कोर्ट होतं, मोडलेलं लग्न होतं, आणि दुसऱ्या बाजूला नुसता एक शब्द. तरी त्याला वेळ लागला. ताटातल्या भातावर माशी बसली ती त्याने हाकलली. चंद्राने तोंडाला पदर लावला.

“अरे, बोल की,” महाबळेश्वर म्हणाला.

“व्हय,” वासू म्हणाला. “चोरलं.”

मग सगळे परसात गेले. शिवानंदने उकरलेली मुंडी वाकून बघितली, राख चिमटीत धरून चोळली. त्याच्या घरीही शेती होती. जनावर खातं ते परत लावत नाही, एवढं कळायला कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती. “आमची आई आलं असंच लावते,” तो म्हणाला, “पण दगड ठेवत न्हाई.” चंद्रा धावत जाऊन उरलेला कंद घेऊन आली. देवापुढे ठेवलेला, हळदकुंकू लागलेला, शेपटीकडचा तुकडा. शिवानंदने तो हातात घेतला, मुळ्यांवरून बोट फिरवलं, खांद्यावर धरून बघितला, आणि पहिल्यांदाच हसला.

“हे वहिनीकडे मागायचं होतं,” तो वासूला म्हणाला.

 चंद्रा बोलली, आणि गार्डाशी न बोलता देवकीशी बोलली. “नव्या भाताच्या सणाला थोरल्याच्या हातच्या वेलाचा कंद लागतो, वैनी. बाजारचा चालत न्हाई, आमी लावलेला चालत न्हाई. त्यो वाढवडिलांपुढं ठेवल्याबिगर नवं खायचं न्हाई. तुमाला ठाऊकच हाय.”

देवकीला ठाऊक होतं. वाटणीत देव वासूकडे गेला होता आणि वेल तिच्याकडे. पंचांनी दोन्ही घरं सारखी केली, दोन्ही गोठे सारखे केले, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“चोरीची तक्रार माझ्याकडे येत न्हाई,” शिवानंद म्हणाला. “ती पोलिसात. द्यायची आहे?”

“आमचं आमी बघून घेऊ.”

“बरं. मी कळवतो, बघणाऱ्याने अंधारात चुकीचं बघितलं.” तो निघाला. अंगणातून जाताना त्याने बुटाने दोन्ही चित्रं पुसली, आणि अंगण आणखी खराब झालं. फाटकापाशी थांबून तो म्हणाला, “अक्का, पुढच्या वेळी ओढ्यावर बोलायच्या आधी जरा जवळ जाऊन बघा.”

देवकीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ती परत परसात आली तेव्हा चंद्रा घरात गेली होती. वासू ऐनाच्या बुडाशी उकिडवा बसून उघडी पडलेली मुंडी मातीने झाकत होता. धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या त्याने वर केल्या होत्या. ती जवळ येऊन उभी राहिली तरी त्याने वर बघितलं नाही.

“यंदाच नेलंस?” तिने विचारलं.

वासूचा हात थांबला. 

“दरसाल,” तो म्हणाला.

“दरसाल?”

“दादा गेल्यापास्नं. नवं यायच्या आदल्या सांजेला. तू पाण्याला गेलीस की.”

देवकी खाली बसली. बसायला दगड होता की माती हे तिने बघितलं नाही. चोरीचं तिला काही वाटलं नाही, ते मघाशीच वाटून संपलं होतं. पण पावसाळ्यामागून पावसाळे तिने त्या कोंबाकडे बघितलं होतं. पहाटे उठून, कुणी नसताना, त्याला बोट लावून बघितलं होतं. एकदा त्याच्याशी बोललीही होती. झिलू येत नव्हता. येत होता तो हा, कुंपणातून वाकून, चोरासारखा, कंबरेला कोयता लावून. खणत होता आणि परत लावत होता, म्हणून वेल जगला होता. तिला फार वाईट वाटलं. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि ह्या वेळी रडायला बायकाही जमल्या नव्हत्या.

वासूने मातीवर पाला ओढला. मग दगड हातात घेतला, नीट टेकवला, हलवून बघितला. करताना त्याची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती. ही सवय तिने दुसऱ्या एका माणसात रोज पाहिली होती. ती ते बघत राहिली.

“मी पान शिवणार न्हाई म्हणालतो,” वासू म्हणाला. “पान शिवलो न्हाई. पण तसं म्हणून काय उपेग.”

 देवकीने हात लांब केला, त्याने लावलेला दगड बोटभर सरकवला आणि मातीत मिसळलेली राख चिमटीने वर काढली.

“राख लई घातलीस,” ती म्हणाली. “दादा तुझा एकच मूठ घालायचा.”

“मीबी एकच घातली.”

“एवढी?”

“न्हाई, वैनी. त्याची मूठ मोठी हुती, म्हणून मी दोनदा घालतो. एक माझी म्हणून, आणि एक त्याची राहिलेली.”

देवकीने चिमटीतली राख परत मातीत टाकली.